ताट आणि पाट

मराठी घरात एक म्हण पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेली आहे : समोरचे ताट द्यावे, पण बसता पाट देऊ नये. आजीने आजोबांना, सासूने सुनेला आणि शेजारणीने शेजारणीला ती केव्हा ना केव्हा ऐकविलेली असते. ऐकणारा हसतो, मान डोलावतो आणि बहुधा पाट देऊन मोकळा होतो. माझा धंदा वकिलीचा असल्यामुळे मला ही म्हण केवळ शहाणपणाची वाटत नाही. मिळकतीच्या कायद्यातले एक अख्खे प्रकरण तीत दडलेले आहे असे वाटते. ताट म्हणजे देऊन टाकण्याची वस्तू आणि पाट म्हणजे जिवंत असेतोवर आपल्या जागी बसून राहण्याचा हक्क. या दोहोंची ताटातूट करता येते, एक देऊन दुसरे राखता येते, हे कायद्याला ठाऊक आहे. आपल्या नाटककारांना ते कितपत ठाऊक आहे, आणि ठाऊक असून त्यांनी ते का बाजूला सारले, हा आजच्या लेखाचा विषय.

नाटकाची समीक्षा करताना आपण पात्रांचे स्वभाव पाहतो, भाषेचा डौल पाहतो, नटाचा आवाज पाहतो. नाटकातला दस्त मात्र कोणी वाचीत नाही. वास्तविक मराठी रंगभूमीवरची कितीतरी भांडणे घर कोणाचे, दागिने कोणाकडे आणि ‘माझ्या पश्चात’ काय, याच प्रश्नांवर उभी आहेत. तो दस्त वाचला, तर नेहमीच्या रडण्याजागी थोडा विचार येतो आणि नाटकाचे मोल कमी न होता वाढते, असा माझा अनुभव आहे.

बिलोलीसारख्या तालुक्याच्या गावी बसून हे सुचावे याला एक कारण आहे. आमचा मुलूख १९४८ च्या सप्टेंबरपर्यंत निजामाच्या राज्यात होता. दरबाराची आणि कचेरीची भाषा उर्दू होती. आज सरहद्दीपलीकडे तेलंगण आहे. बाजारात मराठी, तेलुगू आणि उर्दू एकमेकींच्या खांद्यावर हात टाकून हिंडतात. साहजिकच आमच्या दस्तांची भाषाही मिश्र. मृत्युपत्र किंवा बक्षीसपत्र लिहिताना दोन शब्द हमखास येतात : ‘तहहयात’ आणि ‘पश्चात’. माणूस जिवंत आहे तोवरचा शब्द फारसी-अरबी वळणाचा, आणि तो गेल्यानंतरचा शब्द शुद्ध संस्कृत! या दोन शब्दांच्या मधल्या जागेत जे जे घडते, त्यालाच कायदा भविष्यातील हितसंबंध म्हणतो.

वाचकांनी या भारदस्त नावाला भिऊ नये. गोष्ट साधी आहे. समजा, एका गृहस्थाने लिहून दिले की, ‘हे घर मी आजच मुलाला देत आहे, मात्र मी तहहयात यात राहीन, आणि माझ्या पश्चात माझी पत्नी हयात असल्यास ती तहहयात राहील.’ या एका वाक्यात तीन माणसांचे तीन निराळे हक्क आहेत. गृहस्थाने हयातीचा हक्क स्वतःकडे राखला. मुलाचा हक्क आजच पक्का झाला. फक्त घराचा ताबा मिळायचा राहिला. आईबाप कधीतरी जाणारच, त्यामुळे त्याचे मिळणे निश्चित आहे, आणि मध्येच तो वारला तरी त्याचा हक्क त्याच्या वारसांकडे जातो. पत्नीचा हक्क मात्र एका ‘असल्यास’वर टांगलेला आहे. नवऱ्याआधी ती गेली, तर तिला काहीही मिळाले नाही, आणि तिच्या वारसांनाही नाही. आपला १८८२ चा मालमत्ता हस्तांतरणाचा कायदा पहिल्याला निहित हक्क म्हणतो आणि दुसऱ्याला घटनेवर अवलंबून असलेला. मी आपला एकाला पक्का आणि दुसऱ्याला टांगलेला म्हणतो.

या दोहोंखाली आणखी एक पायरी आहे. बाप हयात असताना त्याच्या स्वकष्टार्जित मिळकतीत मुलाचा हक्क नसतो. पक्काही नसतो, टांगलेलाही नसतो. असते ती नुसती आशा. आणि कायदा स्पष्ट सांगतो की, वारसा मिळण्याची आशा विकता येत नाही, कोणाच्या नावे करून देता येत नाही. आशेला बाजारभाव नसावा असे म्हणणारा कायदा रुक्ष आहे, असे कोण म्हणेल?

हा विषय इंग्रजांनी आणला असा एक समज आहे. तो अर्धाच खरा. महाभारताचे आदिपर्व आठवा. शंतनूला सत्यवती हवी आहे आणि तिचा बाप, तो दाशराज, अट घालतो की, हिच्या पोटी जो मुलगा होईल तोच गादीवर बसला पाहिजे. अजून लग्न नाही, मूल नाही, आणि त्या न जन्मलेल्या मुलासाठी एक राज्य राखून ठेवले जात आहे! देवव्रत आपला हक्क सोडतो. पण दाशराज पक्का व्यवहारी. तो म्हणतो, तू सोडलास, तुझ्या मुलांचे काय? म्हणजे दुसऱ्या बाजूचीही न जन्मलेली माणसे त्याने हिशेबात धरली. तेव्हा देवव्रताने आजन्म ब्रह्मचर्याची प्रतिज्ञा केली आणि तो भीष्म झाला. एक टांगलेला हक्क पक्का करण्यासाठी दुसऱ्या टांगलेल्या हक्काचा मुळातच उच्छेद करण्याचे इतके भीषण उदाहरण जगाच्या वाङ्‌मयात मला दुसरे ठाऊक नाही. आणि फळ काय? ज्यांच्यासाठी हे सारे केले, ते चित्रांगद आणि विचित्रवीर्य दोघेही निपुत्रिक गेले. पुढचे सगळे महाभारत त्या एका अटीचे व्याज आहे.

कलकत्त्याच्या टागोर घराण्यात असेच घडले. प्रसन्नकुमार टागोरांचा मुलगा ज्ञानेंद्रमोहन ख्रिस्ती झाला. वडिलांनी मृत्युपत्रात त्याला वगळले आणि मिळकत पुतण्या जतींद्रमोहन याला तहहयात, त्याच्यानंतर त्याच्या मुलांना, मग त्यांच्या मुलांना, अशी पुरुषांच्या साखळीने बांधून ठेवली. प्रसन्नकुमार १८६८ साली वारले, आणि १८७२ साली प्रिव्ही कौन्सिलने निकाल दिला की, हिंदू कायद्याप्रमाणे दान घेणारा दानाच्या वेळी अस्तित्वात असला पाहिजे. न जन्मलेल्याला दिलेले दान रद्द. पुतण्याची हयात मान्य झाली, पुढची साखळी तुटली, आणि पुतण्याच्या पश्चात मिळकत ज्याला वगळले होते त्याच मुलाच्या वारशात जाऊन पडली. पुढे १९१६ च्या कायद्याने हा नियम सैल झाला आणि न जन्मलेल्यालाही काही मर्यादेत देता येऊ लागले. मर्यादा अशी की, आज जिवंत असलेल्यांची हयात आणि त्यानंतर जन्मलेल्याचे अज्ञानपण, एवढ्याच काळापर्यंत मिळकत बांधून ठेवावी, त्यापुढे नाही. मेलेल्याने जित्यांचा कारभार किती दिवस हाकावा, याला कायद्याने घातलेले हे कुंपण आहे.

आमच्या मराठवाड्याच्या जुन्या धन्यालाही हाच मोह पडला होता. सातव्या निजामाने राज्य गेल्यावर आपल्या भल्यामोठ्या परिवारासाठी जे न्यास केले, त्यांतल्या एकाचे नावच मुळी ‘उरलेल्या संपत्तीचा न्यास’ असे होते. हयातभर उपभोगणारे कोण, पश्चात मिळणारे कोण आणि संपत्तिकर कोणावर बसवायचा, हा वाद १९७७ साली सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. शेतकऱ्याची खोली असो वा निजामाचा खजिना असो, ‘माझ्यानंतर’ या शब्दाने दोघांचीही झोप सारखीच उडते.

आता नाटकाकडे वळू. ‘नटसम्राट’चा पहिला प्रयोग २३ डिसेंबर १९७० रोजी मुंबईच्या बिर्ला मातोश्री सभागारात झाला. वि. वा. शिरवाडकरांचे लेखन, पुरुषोत्तम दारव्हेकरांचे दिग्दर्शन, दि गोवा हिंदू असोसिएशनची निर्मिती आणि श्रीराम लागूंचा गणपतराव बेलवलकर. १९७४ साली या नाटकाला साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला. अर्ध्या शतकाहून अधिक काळ मराठी माणूस या नाटकाला जाऊन डोळे पुसत आला आहे. निवृत्त झालेला थोर नट आपली मिळकत मुलगा आणि मुलगी यांच्यांत वाटून टाकतो. मुलाकडे जातो, तिथे नकोसा होतो. मुलीकडे जातो, तिथे चोरीचा संशय येतो. पत्नी कावेरी दगावते. आणि शेवटी रस्त्यावर बूटपॉलिश करणारा राजा त्याला आसरा देतो. कथा सर्वांना पाठ आहे.

तिचा रूढ अर्थही सर्वांना पाठ आहे : मुले कृतघ्न निघाली. मला हा अर्थ अपुरा वाटतो. कृतघ्न मुले ही काही नाटकाची वस्तू नव्हे. ती तर गल्लोगल्ली आहेत. नाटकाची वस्तू अशी की, अप्पासाहेबांनी जे दिले ते कसे दिले. त्यांनी तहहयात हा शब्द वापरला नाही. कावेरीच्या नावे ‘माझ्या पश्चात ती हयात असल्यास’ असे काही राखले नाही. त्यांनी ताटही दिले आणि पाटही दिला, तेही हसत हसत, एका क्षणात.

का? ते भोळे होते, हे उत्तर सोपे आहे. पण आयुष्यभर कपटी, खुनी आणि विश्वासघातकी माणसांच्या भूमिका वठविलेला नट इतका भोळा असेल हे मला पटत नाही. माझ्या मते त्यांनी मिळकत दिली ती एखाद्या नटाने रंगमंचावरून जावे तशी. चांगला नट अर्धवट ‘एक्झिट’ घेत नाही. विंगेत जाऊन पुन्हा डोके बाहेर काढीत नाही. प्रसंग पुरा करून, मुकुट उतरवून, पाठ न फिरवता निघून जातो, आणि टाळ्या पडतात. राखीव हक्काचे कलम म्हणजे रंगभूमीच्या दृष्टीने एक वाईट वाक्य. ‘सर्व काही तुमचे, मात्र पश्चिमेकडची खोली, संडासाचा वापर आणि विहिरीचे पाणी मी तहहयात माझ्याकडे राखीत आहे’, हे म्हणून कोणाला टाळी मिळाली आहे? अप्पासाहेबांना घर सोडता आले, टाळी सोडता आली नाही. त्यांची शोकांतिका येथे आहे. आणि ती मुलांच्या स्वभावात नसून त्यांच्या कलेत आहे.

आणि टाळी वाजविणारे कोण? आपण. बक्षीसपत्राला कायद्याने दोन साक्षीदार लागतात. साक्षीदार फक्त एवढेच सांगतो की, देणाऱ्याने माझ्यासमोर सही केली. देणे शहाणपणाचे होते की नाही, याची जबाबदारी त्याच्यावर नसते. ‘नटसम्राट’च्या पहिल्या अंकात सगळे प्रेक्षागृह त्या दानाला साक्षीदार असते आणि खूश असते. पुढे तेच प्रेक्षागृह मुलांवर संतापते. पण सही होताना कोणी खोकलेसुद्धा नव्हते! कावेरीला मात्र काळजी वाटते. शिरवाडकरांनी तिला घरातले सगळे शहाणपण दिले आणि हक्क कसलाच दिला नाही. आपल्या बायकांच्या वाट्याला जी स्थिती येते ती इतक्या नेमकेपणाने क्वचितच रंगली असेल.

शेक्सपिअरचा लिअर राजा या नाटकाच्या मागे उभा आहे, हे सर्वमान्य आहे. पण दोघांच्या दस्तांत एक मोठा फरक आहे. लिअरने राखीव कलम घातले होते! राज्य मुलींना, पण राजा ही पदवी, शंभर सरदारांचा लवाजमा आणि दर महिन्याला आळीपाळीने एकेका मुलीकडे मुक्काम, हे त्याने स्वतःकडे राखले. मग त्याचे काय झाले? मुलींनी शंभराचे पन्नास केले, पन्नासाचे पंचवीस केले, आणि अखेर एक तरी कशाला, असा प्रश्न आला. म्हणजे राखून ठेवणे पुरत नाही. राखलेले बजावून देणारा कोणी असावा लागतो, आणि लिअरने तर न्यायालयच मुलींना देऊन टाकले होते. लिअर पाट राखूनही उठविला गेला. बेलवलकर पाट न राखता उठले. पहिल्याच्या वाट्याला संताप आला, दुसऱ्याच्या वाट्याला अवघडलेपण. ‘नटसम्राट’ लिअरपेक्षा आपल्याला जवळचे वाटते ते याच अवघडलेपणामुळे. मुलाच्या घरचे प्रसंग मला म्हणूनच श्रेष्ठ वाटतात. तिथे कोणी दुष्ट नाही. सुनेला घर चालवायचे आहे, म्हाताऱ्याचा आवाज मोठा आहे, नातीशी चाललेले त्याचे खेळ तिला खपत नाहीत. आपल्याच घरात आपण पाहुणे झालो, हे त्याला एकेका वाक्याने कळत जाते.

उलट मुलीच्या घरचा चोरीचा संशय मला नाटकाची कमजोर बाजू वाटतो. तो प्रसंग परिणामकारक आहे यात शंका नाही. पण त्याने प्रेक्षकाची फार लवकर सुटका होते. चोरीचा आळ घेणारी मुलगी पाहिली की आपण म्हणतो, छे, आपण असे नाही. मुलाच्या घरात मात्र आपण सगळे असतो. नाटककाराने तिथेच मुक्काम केला असता, तर नाटक अधिक थंड झाले असते, आणि अधिक खरे.

अप्पासाहेबांना त्या काळी कायद्याने काय मिळाले असते? १९५६ च्या दत्तक व निर्वाह कायद्याप्रमाणे वृद्ध आईबापांना पोसणे मुलाचे आणि मुलीचेही कर्तव्य होते. पण त्यासाठी दिवाणी दावा हवा. फौजदारी न्यायालयात पोटगी मागण्याची आईबापांची वाट १ एप्रिल १९७४ पासून, नव्या संहितेने, उघडली. विवाहित मुलगीही या जबाबदारीतून सुटत नाही, हा निकाल सर्वोच्च न्यायालयाने १९८७ साली महाराष्ट्रातल्याच एका पित्याच्या प्रकरणात दिला. आणि २००७ साली ज्येष्ठ नागरिकांसाठी जो कायदा आला, त्याच्या तेविसाव्या कलमात जणू ‘नटसम्राट’च वाचून लिहिल्यासारखी तरतूद आहे : सांभाळ करण्याच्या अटीवर मिळकत दिली आणि घेणाऱ्याने सांभाळ केला नाही, तर ते देणे फसवणुकीने झाले असे मानून रद्द करून घेता येते. दाद मागायला उपविभागीय अधिकाऱ्याच्या दर्जाच्या अधिकाऱ्यापुढे जायचे. आमच्या बिलोलीलाही ते कार्यालय आहे.

पण ‘अटीवर’ या शब्दाकडे पाहा. सर्वोच्च न्यायालयाने २०२२ साली सांगितले की, अशी अट होती हे दिसले पाहिजे. २०२५ च्या जानेवारीत त्याच न्यायालयाने एका आईचे बक्षीसपत्र रद्द ठरविताना, हा कायदा म्हाताऱ्यांच्या कल्याणासाठी आहे, तो उदारपणे वाचावा, असे म्हटले. तरीही ज्याने अट घातलीच नाही, ज्याने प्रेमाने आणि डौलाने सर्वस्व दिले, त्याची वाट बिकटच आहे. कायदा हिशेबी माणसाला जितका उपयोगी पडतो तितका उदार माणसाला पडत नाही. यात कायद्याचा दोष नाही. पण ही गोष्ट ‘नटसम्राट’ पाहून परत येणाऱ्याला कोणीतरी सांगितली पाहिजे. राखीव हक्काचे बक्षीसपत्र पूर्ण कायदेशीर आहे. ताबा न देता, तहहयात उपभोग स्वतःकडे ठेवून दान करता येते, हे २०१४ साली सर्वोच्च न्यायालयाने निःसंदिग्धपणे सांगितलेले आहे. आमच्या मुसलमान शेजाऱ्यांच्या हिब्याची रीत थोडी निराळी. तिथे मालकी दिली की तिला चिकटविलेली अट गळून पडते आणि ताबाही द्यावा लागतो, असा जुना हनफी नियम. मात्र वस्तू एकाला आणि तिचा उपभोग दुसऱ्याला, अशी फोड तिथेही करता येते.

मग अप्पासाहेबांनी ते कलम घातले असते तर? डोक्यावरचे छप्पर राहिले असते. कावेरीला रस्त्यावर यावे लागले नसते, आणि माझ्या दृष्टीने हे थोडके नव्हे. पण सून हसून बोलली असती काय? नातीला त्यांच्या खोलीत येऊ दिले असते काय? घराचा कायदेशीर धनी होऊन बसलेला म्हातारा, ज्याच्या जाण्याची वाट पक्क्या हक्काचे वारस सभ्यपणे पाहत आहेत, हेही एक नाटक आहे, आणि ते कमी भयंकर नाही. कायदा पाट देऊ शकतो. पाटावर बसलेल्याला वाढणारा हात देऊ शकत नाही. ‘नटसम्राट’ची थोरवी त्या हाताविषयी बोलण्यात आहे. म्हणूनच ते कायद्याने जुने होत नाही.

पाट राखलेल्यांचे नाटक मात्र आपल्याकडे लिहिले गेले आहे. महेश एलकुंचवारांचे ‘वाडा चिरेबंदी’ १९८५ साली विजया मेहतांनी रंगमंचावर आणले. विदर्भातल्या धरणगावचे देशपांडे घराणे. कर्ते तात्याजी नुकतेच वारलेले. थोरला भास्कर वाड्यात, धाकटा सुधीर मुंबईहून आलेला, चंदू राबणारा, प्रभा अविवाहित आणि शिक्षणापासून अडविलेली, आई मुकी झालेली आणि तात्याजींची आई, दादी, अंथरुणाला खिळलेली. अंगणात गंजलेला ट्रॅक्टर. बेलवलकरांनी सगळे देऊन टाकले. इथे कोणीच काही सोडीत नाही, आणि धरून ठेवण्यासारखेही काही उरलेले नाही.

या नाटकाचे परीक्षण करताना सरंजामशाहीच्या ऱ्हासाविषयी पुष्कळ लिहिले जाते. मी एक हिशेब मांडतो. १९५६ च्या वारसा कायद्याप्रमाणे तात्याजींच्या स्वतःच्या हिश्श्याचे वारस सहा : दादी, आई, तीन मुलगे आणि प्रभा. सहाही जणांना सारखा वाटा. नाटकभर बोलतात ते मात्र दोघे भाऊच. दादी वारस आहे हे कोणाच्या गावी नाही. खुद्द दादीच्याही नाही. आणि प्रभा? तिचा हक्क तर फारच विचित्र होता. त्या वेळच्या कायद्याचे तेविसावे कलम म्हणत होते की, राहत्या घरात स्त्री-वारसाचा वाटा आहे खरा, पण पुरुष वारसांनी आपसांत वाटणी करायचे ठरवीपर्यंत तिने तो मागू नये. तोवर अविवाहित मुलीने घरात राहावे. वाटा तिचा, मागण्याचा मुहूर्त भावांचा! प्रभा वाड्यात का सुकत गेली याचे मानसशास्त्रीय विवेचन आपण करतो. त्या कलमातच तिचे सगळे चरित्र लिहिलेले होते. एलकुंचवारांनी ते कलम वाचले होते की नाही, हे मला ठाऊक असण्याचे कारण नाही. पण चांगल्या नाटककाराला कायदा वाचावा लागत नाही. ज्या भिंतींतून तो कायदा झिरपलेला असतो, त्या भिंती त्याने पाहिलेल्या असतात. म्हणूनच भास्करची मुलगी रंजू दागिने घेऊन पळते, तेव्हा मला ती नुसती नादान वाटत नाही. त्या घरात आपल्या हक्काची वाट न पाहणारी ती एकटीच आहे.

पुढे कायदा बदलला. महाराष्ट्राने २२ जून १९९४ पासून मुलींना वडिलोपार्जित मिळकतीत मुलांसारखाच जन्मतः हक्क दिला. अट एवढीच की, त्या तारखेपूर्वी तिचे लग्न झालेले नसावे. ९ सप्टेंबर २००५ पासून सगळ्या देशात तो लागू झाला, लग्नाची अट गेली, आणि ते तेविसावे कलमही पुसले गेले. वडील त्या तारखेला हयात असण्याची गरज नाही, हे ११ ऑगस्ट २०२० रोजी सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केले. आज प्रभा वाड्याच्या वाटणीचा दावा स्वतः लावू शकते. टांगलेला हक्क पक्का झाला.

पक्का झाला म्हणजे हाती आला असे मात्र नव्हे. आमच्या भागात बापाचा तेरावा झाला, की फेरफारासाठी तलाठ्याकडे जाण्यापूर्वी एक कागद तयार होतो. त्याचे नाव हक्कसोडपत्र. बहिणी येतात, सही करतात आणि माहेरच्या चोळीबांगडीवर समाधान मानून परत जातात. ‘माहेर तुटायला नको’, असे त्या म्हणतात. त्यांनी सोडले ते राजीखुशीने सोडले असेल, तर वकिलाला बोलायला जागा नाही. बहिणीने वाटा मागावाच, असेही मी म्हणत नाही. पण सही करणाऱ्या बहुतेक बायकांना आपण काय सोडीत आहोत, हे कोणी वाचून दाखविलेले नसते. बेलवलकरांनी निदान आपण काय देतो आहोत ते पाहून दिले. त्यांच्या वाट्याला टाळ्या आल्या. या बायकांच्या दानाला टाळीसुद्धा नाही, आणि त्यांच्यावर अजून नाटक नाही.

ते नाटक कोणीतरी लिहावे. त्याचा पहिला प्रवेश कुठे घडावा हे मी सांगू शकतो. ज्या सणाच्या निमित्ताने हा अंक आपल्या हाती आला आहे, त्याच्या शेवटच्या दिवशी घरोघरी बहिणी येतील. भाऊ पाटावर बसेल आणि बहीण हाती ताट घेऊन उभी राहील. निरांजनाच्या उजेडात दोघांचे चेहरे छान दिसतात. भावाने ओवाळणी जरूर घालावी. मात्र घरात एखादा कागद सहीसाठी ठेवलेला असेल, तर तो त्या दिवशी पुढे करू नये. आणि पुढे केलाच, तर आधी तो मोठ्याने वाचून दाखवावा.